अतिवेगी तारे

अतिवेगी तारे : आकाशगंगेच्या केंद्रातून भिरकावले गेलेले आणि तिच्या गुरुत्वाकर्षणातून कायमचे सुटू शकतील इतक्या वेगाने धावणारे तारे. सूर्याच्या परिसरातून असे सुटण्यासाठी सेकंदाला सुमारे ५५० किमी वेग लागतो. सूर्य स्वतः केंद्राभोवती सुमारे २३० किमी वेगाने फिरतो.

ही कल्पना जॅक हिल्स यांनी १९८८ मध्ये मांडली, तेव्हा केंद्रात महाकाय कृष्णविवर आहे हेच पुरते सिद्ध झालेले नव्हते. आज त्याचे (सॅजिटेरियस ए*) वस्तुमान सूर्याच्या सुमारे ४० लक्षपट मानतात. एखादे तारकायुग्म त्याच्या फार जवळ गेले की ताटातूट होते : एक तारा विवराभोवतीच्या कक्षेत अडकतो, त्याने गमावलेली ऊर्जा जोडीदाराला मिळते आणि तो बाहेर फेकला जातो.

असा पहिला तारा वॉरन ब्राउन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये वासुकी तारकासमूहात शोधला. वेग सुमारे ७०० किमी. त्याचे उगमस्थान मात्र अनुमानानेच ठरवावे लागले. खरा भक्कम पुरावा २०१९ मधला : बक तारकासमूहातील एस५-एचव्हीएस१. आकाशगंगेच्या संदर्भात त्याचा वेग सेकंदाला सुमारे १,७५५ किमी आहे, म्हणजे मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली हा लोहमार्ग त्याला सेकंदभरही पुरणार नाही. गाइया उपग्रहाच्या मोजमापांवरून त्याचा मार्ग उलटा काढला, तर तो सुमारे ४८ लक्ष वर्षांपूर्वी थेट केंद्रात पोहोचतो.

ही संज्ञा सैलपणे वापरली जाते, ते बरे नव्हे. गाइयाच्या २०१८ च्या नोंदींनंतर अनेक ‘अतिवेगी’ तारे आकाशगंगेशी बांधलेलेच ठरले. यूएस ७०८ हा तारा खरोखर सुटलेला आहे, पण तो जोडीदाराच्या अतिनवताऱ्याच्या स्फोटाने फेकला गेला असावा. काहींचा उगम मोठ्या मॅजेलनी मेघात असावा.

धनू राशीतील आकाशगंगेचे केंद्र मुंबईतून दक्षिणेला ४२ अंशांपर्यंत चढते. जूनच्या उत्तरार्धात मध्यरात्री, नेमके पावसाळी ढगांत. निरभ्र आकाशातही मधली धूळ दृश्य प्रकाश अडवते. रेडिओ तरंग मात्र ती भेदतात : कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने खोडद (जि. पुणे) येथे उभारलेल्या जीएमआरटी दुर्बिणीने सॅजिटेरियस ए* ५८० मेगाहर्ट्झला टिपल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. एस५-एचव्हीएस१ मुंबईच्या क्षितिजावर जेमतेम २० अंश वर येतो. त्याची प्रत १६ च्या आसपास असल्याने परळ-दादरच्या उजेडात त्याला शोधण्याचा प्रश्नच नाही.