ग्रंथपालाची नवी विद्या

महाराष्ट्राबाहेरील कोणत्याही मराठी मंडळाचा इतिहास चाळला, तर गणेशोत्सवाच्या मागोमाग पुस्तकांचे कपाट आलेले बहुधा आढळते. बदली होऊन जाणाऱ्या एखाद्या सभासदाने मागे ठेवलेली दोन पेट्या पुस्तके, एक दाखलवही आणि रविवारी सकाळी कुलूप काढणारा एखादा हौशी ग्रंथपाल, एवढ्या सामग्रीवर हे ग्रंथालय उभे राहते. केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त गावोगाव हिंडताना अशी कपाटे आम्ही पाहिली आणि कार्यालयीन ग्रंथालयांतील पगारी ग्रंथपालही पाहिले. या दुसऱ्या वर्गाला गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जी नवी विद्या शिकावी लागली, तिच्यात आपल्या कपाटांचेही हिताहित गुंतलेले आहे. म्हणून तिचा इतिहास येथे मांडावयाचे योजिले आहे.

ग्रंथपालाने परक्या देशातून आलेली विद्या शिकावी, ही गोष्ट आपल्याकडे नवी नव्हे. बडोद्याचे सयाजीराव महाराज १९०६ मध्ये अमेरिकेस गेले असता तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहून प्रभावित झाले आणि १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. पुढच्याच वर्षी तेथे ग्रंथपालांचा शिक्षणवर्ग सुरू झाला. हिंदुस्थानातील हा पहिला असा वर्ग होय. १९१२ पासून बडोद्याहून ग्रंथालयविषयक नियतकालिक निघू लागले, त्यात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठीलाही स्थान होते. महाराष्ट्राबाहेरच्या एका मराठी राजाच्या नगरीत ग्रंथपाल तालिकापत्रे, म्हणजे साध्या भाषेत कार्डे, लिहावयास शिकले, याचा अभिमान वाटल्यावाचून राहत नाही.

दुसरे उदाहरण मद्रासचे. गणिताचे अध्यापक असलेले रंगनाथन १९२४ मध्ये विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, ते फारशा खुशीने नव्हे. पण त्याच वर्षी लंडनला शिकावयास गेले आणि जन्माचे ग्रंथपाल होऊन परतले. तेथील एका दुकानात त्यांनी लहान मुलांचा मेकॅनोचा खेळ पाहिला. सुटे तुकडे जोडून निरनिराळ्या वस्तू बनविण्याच्या त्या कल्पनेतून त्यांची कोलन वर्गीकरण पद्धती आकारास आली व १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. १९३१ साली त्यांनी मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे वाचकाचा वेळ वाचविण्याविषयी आहे. पुढे यंत्राचा जो खटाटोप झाला, त्याचे बीज आमच्या मते या सूत्रातच शोधावे.

यंत्राची कथा अमेरिकेत सुरू होते. ग्रंथनोंद संगणकाला वाचता यावी, यासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९६० नंतरच्या दशकात 'मार्क' नावाचा साचा तयार झाला. तो घडविणाऱ्या हेन्रिएट अ‍ॅव्हरम या मूळच्या ग्रंथपाल नव्हत्या, संगणकतज्ज्ञ होत्या. ओहायो राज्यातील महाविद्यालयांनी १९६७ मध्ये संयुक्त संस्था काढली आणि २६ ऑगस्ट १९७१ रोजी ओहायो विद्यापीठाच्या ग्रंथालयाने दूरच्या संगणकाशी तारेने जोडलेल्या पडद्यावर ग्रंथनोंदी करण्यास प्रारंभ केला. पहिल्या दिवशी १३३ पुस्तके झाली. मुद्दा वेगाचा नव्हताच. एका ग्रंथालयाने एकदा केलेली नोंद इतर सर्वांनी उचलावी, त्याच पुस्तकासाठी शंभर ठिकाणी शंभर माणसांनी बोटे झिजवू नयेत, हा होता. गंमत अशी, की हेच यंत्र पुढे कित्येक वर्षे कार्डे छापून टपालाने धाडीत होते. ती छपाई २०१५ मध्ये थांबली.

आपल्याकडे १९८०च्या दशकात युनेस्कोची 'सीडीएस-आयसिस' ही आज्ञावली आली आणि 'निस्सात' या सरकारी योजनेमार्फत तिचा प्रसार झाला. दिल्लीतील ग्रंथालयांना जोडणारे 'डेलनेट' १९८८ मध्ये इंडिया इंटरनॅशनल सेंटरमध्ये सुरू झाले. विद्यापीठांसाठी 'इन्फ्लिबनेट'चा कार्यक्रम १९९१ मध्ये आला. आम्ही नोकरीस लागलो तो हाच काळ. पन्नाशी ओलांडलेले ग्रंथपाल प्रशिक्षणाच्या आदेशाचा कागद हातात घेऊन चिंतातुर बसलेले आम्हांस आठवतात. वळणदार अक्षर हे ज्यांचे भूषण, त्यांना आता कळफलकावर एका बोटाने टंकावे लागणार होते. आमच्या पाहण्यातील एक गृहस्थ दिवसभर यंत्रात नोंदी भरीत आणि कार्यालय सुटण्यापूर्वी त्याच नोंदींची कार्डे लिहून खणात लावीत. वीज गेली तर वाचकाने काय करावे, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्या गावी तो मुळीच अवास्तव नव्हता. तरुण सहकारी त्यांना हसत. आम्हांस मात्र त्यांच्या सावधपणात चौथ्या सूत्राचे आचरण दिसे.

इंग्रजी पुस्तकांपुरते बोलावयाचे, तर ही विद्या सोपी होत गेली. पुस्तकाच्या पाठीवरचा आंतरराष्ट्रीय क्रमांक द्यावा आणि जगातील कोणत्या तरी ग्रंथालयाने केलेली तयार नोंद पडद्यावर उतरवून घ्यावी. मराठी पुस्तकाशी गाठ पडली की खरी परीक्षा सुरू होते. तो क्रमांक १९७० च्या सुमारास रूढ झाला. त्याआधीच्या पुस्तकांवर तो असणार कोठून? मुखपृष्ठाच्या आत 'शके १८३२' एवढेच असते. त्यात ७८ मिळवून १९१० काढावे लागते, आणि जानेवारी ते पाडवा या काळातील प्रकाशन असेल तर ७९. लेखकाचे नाव हा निराळाच गुंता. कवितेसाठी 'गोविंदाग्रज', विनोदासाठी 'बाळकराम' आणि नाटकासाठी राम गणेश गडकरी. 'विशाखा' कुसुमाग्रजांची आणि 'नटसम्राट' वि. वा. शिरवाडकरांचे. हे एकच गृहस्थ होत, हे शाळकरी मराठी मुलालाही ठाऊक असते. यंत्राला कोणी तरी सांगावे लागते. सांगणारा मराठी जाणणारा नसला, तर एका लेखकाचे तीन लेखक होतात.

त्याहून अवघड प्रश्न लिपीचा. दीर्घकाळ मराठी नोंदी रोमन लिपीतच भरल्या गेल्या. शास्त्रशुद्ध पद्धतीने 'कुलकर्णी' लिहिताना 'ल'मधला 'अ'ही अक्षराने दाखवावा लागतो आणि 'ण'खाली टिंब येते. वाचक मात्र आपल्या सहीतल्यासारखे स्पेलिंग टंकतो आणि पुस्तक नाही असे समजून परततो. पुढे देवनागरी आली, पण प्रत्येक फॉन्टची सांकेतिक भाषा वेगळी, त्यामुळे एका यंत्रावर भरलेली यादी दुसऱ्यावर उघडली की निरर्थक चिन्हांचा पसारा दिसे. वर्षाची मेहनत यंत्र बदलताच वाया गेलेली आम्ही पाहिली आहे. १९९१ मध्ये युनिकोड प्रसिद्ध झाले व कालांतराने रुळले, तेव्हा हा ताप बराच उतरला. तरी आपला 'ऱ्या' अजून छळतो. हे जोडाक्षर दोन प्रकारे टंकता येते. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला मात्र भिन्न. ग्रंथपालाने 'वाऱ्यावरची वरात' एका प्रकारे नोंदविले आणि वाचकाने दुसऱ्या प्रकारे शोधले, तर शेजारच्या फळीवरचे पुस्तकही 'उपलब्ध नाही' ठरू शकते. असा दोष केवळ मराठी वाचणाऱ्याच्याच ध्यानात येईल.

आता साधनांची वाण राहिलेली नाही. न्यूझीलंडमधील एका लहान ग्रंथालयसंस्थेची जुनी आज्ञावली २००० साल पेलणारी नव्हती. तिच्या जागी 'कोहा' तयार झाली आणि जानेवारी २००० मध्ये कामास लागली. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ भेट असा आहे, आणि ती खरोखरच कोणासही विनामूल्य वापरता येते. आपल्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची 'ई-ग्रंथालय' प्रणाली अनेक सरकारी ग्रंथालयांत आहे. इंदूर, हैदराबाद, बडोदे, दिल्ली येथील मराठी संग्रहांच्या याद्या देवनागरीत एकत्र झाल्या, तर दुर्मीळ पुस्तक कोणत्या गावच्या कपाटात आहे हे कळेल. मंडळांत निवृत्त सभासद पुष्कळ, आणि नातवंडांना टंकन येते. आजोबांनी मुखपृष्ठ वाचावे, नातीने भरावे, असे काम घरबसल्याही होण्यासारखे आहे.

एक विनंती मात्र आताच करून ठेवतो. नोंदी यंत्रात चढल्या, की जुनी दाखलवही रद्दीत जाते. आम्ही ती एकदा जाताना पाहिली आहे. यंत्रातही देणगीदाराची नोंद करण्याची सोय असते, परंतु घाईत ती जागा बहुधा रिकामी राहते. वहीत मात्र कोणत्या साली कोणी कोणते पुस्तक दिले, कोण बदलून गेले, कोणाच्या स्मरणार्थ कोणाच्या पत्नीने संपूर्ण ज्ञानेश्वरी आणून दिली, हे शाईने लिहिलेले असते. कार्यकारिणीने त्या वहीचे पान न् पान छायाचित्रित करून घ्यावे आणि मूळ प्रत कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर, वाळवी लागणार नाही अशा डब्यात ठेवावी.