रोजचा अध्याय आणि उन्हाळ्याचा मेळा

बदलीच्या नोकरीत हयात घालविणाऱ्या मराठी माणसाच्या ट्रंकेत एखादी तरी पोथी असतेच. कोणाची ज्ञानेश्वरी, कोणाचा दासबोध, कोणाची गाथा. मुक्काम बदलतात, घरे बदलतात, पोथी तीच राहते. परमुलखात आसपास आपली भाषा ऐकू येईनाशी झाली म्हणजे ती पोथी उघडण्यामागे केवळ धर्मबुद्धीच असते असे नव्हे, हे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना स्वानुभवाने ठाऊक असेल. आज आम्ही जी हकीकत सांगणार आहो, ती अशाच परमुलखात नोकरीसाठी आलेल्या एका मराठी गृहस्थाची आणि त्याच्या हाती अकस्मात आलेल्या एका पुस्तकाची आहे.

ती आठवली अभनपुरात. रायपुराहून धमतरीच्या रस्त्याने दक्षिणेस निघाले की तासाभराच्या आत हे गाव लागते. येथूनच राजिमकडे फाटा फुटतो. विसाव्या शतकाच्या आरंभापासून या मार्गावर अरुंद रुळांची छोटी गाडी धावत असे, आणि राजिमच्या माघी जत्रेचे यात्रेकरू अभनपुरास गाडी बदलीत. ती गाडी आता राहिली नाही. २०२५ सालच्या मार्चअखेरीपासून रायपूर ते अभनपूर मोठ्या रुळांवरून विजेची गाडी सुरू झाली आहे. असो. वैशाखातल्या एका सकाळी कामानिमित्त आम्ही त्या गावी गेलो असता एका कडुनिंबाखाली सतरंजी अंथरून वीस-पंचवीस मुले बसलेली दिसली. प्रत्येकाच्या मांडीवर हिंदी बायबल होते. आमच्या कचेरीतील एका छत्तीसगढी कारकुनाची मुलगी त्यांत होती. तिने ओळख दाखविली आणि आपल्या हातातला कागद आम्हांस दाखविला. कागदावर तारखांची चौकटे आखलेली होती. रोज एक अध्याय वाचावयाचा आणि त्या दिवसाच्या चौकटीत पेन्सिलीने खूण करावयाची. शाळेला सुटी आहे तोवर ही मुले दहा दिवस एकत्र जमतात, गातात, पाठांतर करतात, आणि मग घरोघर जाऊन वर्षभर तो कागद भरीत राहतात, असे कळले.

हे दृश्य पाहून आम्हांस प्रथम आठवण झाली ती वारकऱ्यांची. हरिपाठ रोजचा आणि वारी वर्षाची. एकट्याने घरी म्हणावयाचे आणि वर्षातून एकदा सर्वांनी मिळून चालावयाचे, ही जोडी आपल्या संतांनी फार पूर्वीच जमविलेली आहे. नुसत्या वारीने भक्ती टिकत नाही आणि नुसत्या पाठाने ती कोरडी होते, असा त्यांतील अनुभव असावा. ख्रिस्ती समाजात या दोन्ही गोष्टींना आज जे रूप आहे ते मात्र पुष्कळ अलीकडचे. लंडनमध्ये १८६७ साली मुलांसाठी प्रार्थनासभा भरविणारी एक संस्था निघाली. पुढल्याच उन्हाळ्यात तिच्या एका कार्यकर्त्याने वेल्समधील समुद्रकिनाऱ्यावर सुटीसाठी आलेली मुले वाळूत जमविली, आणि १८७९ साली याच मंडळींनी रोज कोणता उतारा वाचावयाचा याच्या छापील पत्रिका मुलांना वाटण्यास प्रारंभ केला. अमेरिकेत १९०१ साली न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतील, सुटीत उनाडणाऱ्या मुलांसाठी रॉबर्ट बोव्हिल यांनी सुटीतील बायबल शाळा काढल्या. अभनपूरच्या कडुनिंबाखालच्या सतरंजीची वंशावळ ही अशी आहे.

परंतु आमचे मन गेले ते त्याहून जवळच्या एका प्रसंगाकडे. अभनपुराहून फार दूर नाही, रायपूरच्या पश्चिमेस मुंबई-हावडा मार्गावर राजनांदगाव आहे. तेथे वैरागी महंतांचे संस्थान होते. १८९३ साली नागपुराहून राजनांदगावास येणाऱ्या गाडीत एक तिशी ओलांडलेले मराठी गृहस्थ बसले होते. त्यांचे नाव नारायण वामन टिळक. कोकणात १८६१ साली जन्मलेले, नाशकास शिकलेले, शीघ्रकवी, वक्ते आणि एका ठिकाणी फार दिवस न टिकणारे. नागपुरास अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते काही काळ संस्कृत ग्रंथांच्या कामात होते. आता या संस्थानात काम मिळण्याच्या आशेने निघाले होते. हिंदू धर्मातील जातिभेदाने त्यांचे मन विटलेले होते, आणि स्वतःच एखादा नवा धर्म मांडावा असे विचार त्यांच्या डोक्यात घोळत होते.

डब्यात एक युरोपियन गृहस्थ होता. बोलणे निघाले ते काव्याचे. त्यावरून ते धर्माकडे वळले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते भाकीत हास्यास्पद वाटले, तरी पुस्तक वाचण्याचे त्यांनी कबूल केले. हा गृहस्थ नेमका कोण होता हे बहुतेकांस ठाऊक नसते. मिशनांच्या दफ्तरांत एवढे अहवाल आणि एवढे आकडे. पण मराठी ख्रिस्ती समाजाला त्याचा सर्वांत मोठा कवी ज्याच्या हातून लाभला, त्याचे नाव क्वचितच घेतले जाते. आम्हांस यात एक प्रकारचा न्यायच दिसतो.

राजनांदगावी टिळकांनी ते पुस्तक उघडले. त्यांची वाचनाची जुनी सवय अशी की, हातात पेन्सिल घेऊन, लक्षात ठेवण्याजोग्या जागी खुणा करीत पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत न्यावयाचे. मत्तयाच्या पाचव्या, सहाव्या आणि सातव्या अध्यायांतील डोंगरावरील प्रवचनापाशी येताच ही शिस्त मोडली. ती वाक्ये सोडून पुढे जाववेना. येथवरचा प्रसंग बहुतेकांस ठाऊक असतो, आणि येथेच तो संपला असे समजण्याचा प्रघात आहे. आम्हांस तो प्रघात चुकीचा वाटतो. खरी कथा यानंतरच्या दोन वर्षांची आहे. या काळात टिळकांनी बाप्तिस्मा घेतला नाही, कोणत्याही मिशनच्या दारात ते जाऊन बसले नाहीत. ते वाचीत राहिले, ख्रिस्ती धर्मावरील ग्रंथ मिळवीत राहिले, आणि नाव उघड न करता मुंबईच्या ख्रिस्ती मंडळींशी पत्रव्यवहार करीत राहिले. आपला समाज, आपली मायभाषा आणि आपले आप्त यांच्यापासून दूर असलेल्या ठिकाणी हे सारे घडले. पुण्यानाशकात असते तर ते त्याच रीतीने घडते की काय, याची आम्हांस शंका आहे. तेथे वाद घालावयास शंभर माणसे भेटली असती. येथे पुस्तक होते आणि ते होते.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो गोऱ्या मिशनऱ्याकडून न घेता भारतीय पाळकाच्या हातून घ्यावा असा त्यांचा आग्रह होता. दोन वर्षांचे भाकीत खरे ठरले, हे मात्र लोकांच्या अधिक लक्षात राहिले.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. नित्यवाचनाने एका माणसाचे मन बदलत असते त्या वेळी त्याच घरात दुसरे एक माणूस चूल पेटवीत असते. लक्ष्मीबाईंना आपला नवरा काय वाचतो आहे आणि त्याचे पर्यवसान कशात होणार आहे याचा संशय होता, पण त्या वाचनात त्यांना वाटा नव्हता. बाप्तिस्म्याची बातमी त्यांच्यावर वीज पडावी तशी कोसळली. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांनी चार-पाच वर्षे पतीपासून दूर काढली. सवाष्ण असून विधवेसारखे जिणे त्यांच्या वाट्यास आले. टिळकांच्या श्रद्धेचे गुणगान करणाऱ्यांनी हा हिशेब विसरू नये. पुढे त्या पतीकडे परतल्या त्या आपली सोवळी चूल निराळी ठेवूनच, आणि त्यांचा स्वतःचा पालट झाला तोही कोणाच्या उपदेशाने झाला नाही. जातीपाती देवाने केल्या नसून माणसाने केल्या आहेत, हे एके दिवशी त्यांचे त्यांनाच पटले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लग्नानंतर पतीकडून अडखळत अक्षरे शिकलेल्या या बाईने पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिली, आणि टिळकांच्या मागे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुरे केले. मराठी गद्यात ‘स्मृतिचित्रे’च्या तोडीची पुस्तके हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतील.

छत्तीसगढात या काळी दुसरेही प्रवाह वाहत होते. ऑस्कर लोर हे जर्मन वंशाचे मिशनरी १८६८ साली येथे आले आणि त्यांनी विश्रामपूर वसविले. सतनामी समाजात त्यांचे काम चाले. १८९९ साली अमेरिकेतील मेनोनाइट पंथाचे लोक धमतरीस पोचले, ते नेमक्या दुष्काळाच्या तोंडाशी. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी हा प्रांत उद्ध्वस्त झाला, आणि अनाथ मुले मिशनच्या आश्रयास आली. पंडिता रमाबाई पहिल्या दुष्काळात मध्य प्रांतात हिंडून मुलींना व विधवांना घेऊन गेल्या, त्याही केडगावच्या मुक्तिसदनात वाढल्या. तांदळासाठी धर्म सोडला हा टोमणा तेव्हापासूनचा. धर्मांतराचा वाद या मुलखात आजतागायत मिटलेला नाही. भवानीशंकर नियोगी समितीचा १९५६ चा अहवाल आणि १९६८ चा मध्य प्रदेशचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा सरकारी नोकरांस नव्याने सांगावयास नको. त्या वादात आम्ही शिरत नाही. मात्र एक गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. दुष्काळ सरला, धान्याची पोती संपली, आणि तरीही त्या मुलांची नातवंडे-पतवंडे पुस्तक वाचीतच राहिली. आधी वाचावयास शिकणे भाग होते, म्हणून जेथे प्रार्थनामंदिर तेथे शाळा निघाली. केडगावी तर रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, आणि त्याचे खिळे जुळविले ते मुक्तिसदनातील स्त्रियांनी. रमाबाई १९२२ साली वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. घरात चुलीपाशी बसलेल्या बाईला रोज वाचता यावा असा तो करावा, हा त्यांचा हेतू होता. लक्ष्मीबाईंची कथा ज्याने वाचली आहे त्यास या हेतूची किंमत निराळी सांगावयास नको.

वाचनाइतकीच सोबतीचीही गरज असते, हे टिळकांना उतारवयात तीव्रतेने जाणवले. अमेरिकन मिशनची पगारी नोकरी त्यांनी १९१७ साली सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ भरविला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे जागा होती. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या वाटेने, असे म्हणणाऱ्या माणसाने दुसरे काय केले असते? दोनच वर्षांनी, १९१९ च्या मे महिन्यात, ते वारले आणि दरबार विस्कटला. परंतु टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ स्थापिला, तो पुढे पुण्यास आला. उन्हाळ्यात डोंगरावर एकत्र राहण्याची कल्पना स्टॅन्ली जोन्स यांनी १९३० पासून कुमाऊँतील सातताल येथे अमलात आणली. तेथे पहाटे मौन, मग वाचन, मग अंगमेहनत, असा क्रम असे. आठवड्यातून एक दिवस भंग्याला सुटी असे आणि त्याचे काम आश्रमवासी, मग तो पाद्री असो की न्यायाधीश, स्वतः करीत. टिळक असते तर त्या दिवशी झाडू घेण्यास पहिले पुढे झाले असते, असे आम्हांस वाटते.

विन्स्लोंच्या संघात १९२७ साली व्हेरियर एल्विन नावाचा एक तरुण ऑक्सफर्डहून आला. त्याला शामराव हिवाळे हा मराठी ख्रिस्ती सोबती भेटला, आणि १९३२ साली ते दोघे मंडला जिल्ह्यात गोंडांच्या वस्तीत जाऊन राहिले. पुढे एल्विन चर्चपासून दूर झाला. छत्तीसगढची लोकगीते त्याने गोळा करून १९४६ साली छापली. राजनांदगावच्या गाडीत दिलेल्या एका पुस्तकाचा धागा पुण्यावरून फिरून छत्तीसगढात परत आला तो असा, आणि परत आला तेव्हा त्याचा रंग पार बदललेला होता. श्रद्धा कोणाला कोठे नेईल याचा नकाशा रोजच्या वाचनाच्या पत्रिकेवर छापलेला नसतो.

आम्ही त्या कारकुनाच्या मुलीचा कागद पुन्हा मागून घेतला. मागल्या वर्षाचाही तिच्याजवळ होता. त्यात माघातली पाच-सहा चौकटे कोरी होती. विचारले तेव्हा म्हणाली, आजीबरोबर राजिमच्या जत्रेला गेले होते, आजी अजून महादेवालाच मानते, तिचा हात धरायला कोणी नव्हते. गुरुजी रागावले नाहीत काय, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, नाही. ते म्हणाले, राहिलेले अध्याय सावकाश वाच. ते तिने वाचले होते, पण चौकटे मात्र तशीच कोरी ठेवली होती.