कॉमेटची कसोटी

मोठ्या शोधाची हकीकत सांगताना आपण बहुधा पहिल्या यशाची तारीख सांगतो आणि तेथेच थांबतो. दूर पल्ल्याच्या जेट विमानांचा इतिहास मात्र असा सांगून भागत नाही. या विमानांत बसताना आपण जो विश्वास बाळगतो, त्याचा पाया एका अपयशात आणि त्या अपयशाच्या प्रामाणिक चौकशीत आहे. आम्हांला आज मांडावयाचे आहे ते एवढेच.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा लांबचा विमानप्रवास पंख्याच्या विमानांनी होत असे. १९४८ च्या जूनमध्ये एअर इंडिया इंटरनॅशनलने मुंबईहून लंडनची सेवा सुरू केली, तीही अशाच विमानाने. जेट इंजिनाने हे चित्र पालटले. हवा जितकी विरळ तितका तिचा विरोध कमी. म्हणून जेट विमानाने ३५ हजार फुटांवरून जावे हे फायद्याचे. परंतु तेथे माणसाला श्वास घेता येत नाही. तेव्हा उतारूंच्या कक्षात हवा दाबून भरावी लागते. ब्रिटनच्या डी हॅविलंड कंपनीच्या ‘कॉमेट’ विमानात हा जादा दाब दर चौरस इंचावर आठ पौंडांहून अधिक होता. प्रत्येक उड्डाणात विमानाचे कवच आतून ताणले जाई आणि उतरल्यावर सैल पडे. पुढच्या सर्व अनर्थाचे मूळ येथेच होते.

कॉमेट पहिल्यांदा उडाले २७ जुलै १९४९ रोजी. २ मे १९५२ रोजी लंडन–जोहान्सबर्ग मार्गावर जगातील पहिली जेट प्रवासी सेवा सुरू झाली. उतारू अवघे ३६. वाटेत पाच मुक्काम. तरी सारा प्रवास एका दिवसाच्या आत आटोपला. ब्रिटनने अमेरिकेला मागे टाकले असे जगाला वाटले.

बरोबर एक वर्षाने, २ मे १९५३ रोजी, कलकत्त्याच्या डमडम विमानतळावरून निघालेले एक कॉमेट वादळात सापडून मोडले व ४३ माणसे दगावली. दोष वादळावर गेला. मग १० जानेवारी १९५४ रोजी रोमहून निघालेले कॉमेट एल्बा बेटाजवळ आकाशातच फुटले आणि ३५ जण बुडाले. ज्या विमानाने १९५२ चे पहिले उड्डाण केले होते, तेच हे विमान.

उड्डाणे थांबवली गेली. आग लागली असेल, इंजिनाचे पाते तुटले असेल, असे नाना तर्क झाले. ज्या ज्या गोष्टीचा संशय आला तिची दुरुस्ती झाली आणि २३ मार्च रोजी विमाने पुन्हा उडू लागली. कारण मात्र सापडलेले नव्हते! सोळाव्या दिवशी, ८ एप्रिलला, नेपल्सजवळ आणखी एक कॉमेट समुद्रात कोसळले. आणखी २१ जीव गेले. कारण न कळता केलेली दुरुस्ती किती महाग पडते, याचा याहून विदारक दाखला आम्हांला ठाऊक नाही.

आता विमानाचा उड्डाण-परवानाच रद्द झाला. ब्रिटिश आरमाराने समुद्रतळातून अवशेष वर काढले. फार्नबरो येथील संशोधन संस्थेत सर अर्नोल्ड हॉल यांच्या देखरेखीखाली एक अख्खे कॉमेट पाण्याच्या प्रचंड टाकीत ठेवण्यात आले आणि आत पाणी भरून दाब वाढवावयाचा, उतरवावयाचा, असा क्रम अहोरात्र चालला. पाणीच का? दाबलेली हवा सुटली तर बाँबसारखा स्फोट होऊन पुरावाच नष्ट होतो. पाणी दाबले जात नाही, म्हणून कवच चिरते, पण तुकडे जागेवर राहतात. आधीची खरी व टाकीतील कृत्रिम उड्डाणे मिळून ३,०५७ झाली आणि कवच फाटले.

तार एकदा वाकवली तर तुटत नाही. पुनःपुन्हा वाकवली की तुटते. धातूचा थकवा तो हाच. खिडक्यांसाठी कापलेल्या भोकांच्या कोपऱ्यांशी ताण अपेक्षेहून फार अधिक साचत होता. कंपनीने चाचणी घेतली नव्हती असे नव्हे. तिने कक्षाचा एक भाग सुमारे १६ हजार वेळा ताणून पाहिला होता. पण त्याच भागावर आधी दुप्पट दाब दिलेला होता. त्यामुळे कोपऱ्यांतील धातू उलट कणखर बनला आणि चाचणीने खोटी हमी दिली.

चौकशी उघडपणे झाली, अहवाल प्रसिद्ध झाला. त्याचा लाभ प्रतिस्पर्ध्यांनाही झाला. सुधारलेल्या ‘कॉमेट ४’ ने ४ ऑक्टोबर १९५८ रोजी अटलांटिकवरची पहिली जेट सेवा सुरू केली. पण त्याच महिन्याच्या २६ तारखेस पॅन अमेरिकनचे बोइंग ७०७ शंभरावर उतारू घेऊन न्यूयॉर्कहून पॅरिसला निघाले आणि बाजारपेठ अमेरिकेने जिंकली. १९६० मध्ये बोइंग ७०७ एअर इंडियाकडे आले, आणि त्याच वर्षी मुंबईचा उतारू जेट विमानाने लंडनमार्गे न्यूयॉर्कला पोचू लागला.

बाजी ब्रिटन हरले, ज्ञान मात्र सर्वांचे झाले. पहिले येण्याचा मान कॉमेटला मिळाला, आणि त्याची किंमत निरपराध उतारूंनी भरली. अपघात झाला म्हणून कोणी शोध सोडून द्यावा असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ‘का झाले?’ याचे उत्तर मिळेपर्यंत थांबण्याचे धैर्य पहिल्या उड्डाणाच्या धैर्याहून लहान नसते. त्या मार्च महिन्यात ते दाखवले गेले असते, तर २१ माणसे घरी परतली असती.