व्हॉल्यूम कुणाचा?

यूट्यूब उघडलं की हल्ली एकच मंत्र ऐकू येतो: भाव चढतोय, सोबत व्हॉल्यूमही चढतोय, म्हणजे मोठे खेळाडू आत शिरलेत, घेऊन टाका. मंत्र जुना आहे. वॉल स्ट्रीट जर्नलवाल्या चार्ल्स डाऊच्या लेखांपासून त्याचा धागा लागतो. आणि मोमेंटम ही काही थाप नाही. जगदीश आणि टिटमन या दोघा प्राध्यापकांनी १९९३ साली अमेरिकी बाजाराची १९६५ ते १९८९ ची आकडेवारी घेऊन दाखवलं, की मागचे तीन ते बारा महिने जोरात असलेले शेअर पुढचे काही महिनेही इतरांपेक्षा बरे चालतात.

माझी तक्रार व्हॉल्यूमबद्दल आहे. प्रत्येक सौद्याला एक घेणारा आणि एक विकणारा लागतो. हे दोघे एकाच टोळीचे असले तर?

१९९९-२००० मध्ये केतन पारेखच्या 'के-१०' शेअरांचा बोलबाला होता. हिमाचल फ्युच्युरिस्टिक, ग्लोबल टेलि, डीएसक्यू सॉफ्टवेअर, सिल्व्हरलाइन वगैरे. डोंबिवली फास्टमध्ये उभ्या उभ्या लोक त्यांचे भाव सांगायचे. फेब्रुवारी २००० मध्ये सेन्सेक्सने ६००० चा आकडा पाहिला. 'क' ने 'ख' ला विकायचं, 'ख' ने 'ग' ला, 'ग' ने परत 'क' ला. पडद्यावर उलाढाल दिसते, माल मात्र घरच्या घरीच. याला सर्क्युलर ट्रेडिंग म्हणतात.

आता गंमत बघा. तेव्हा रोजचा हिशोब रोज होत नसे. मुंबई शेअर बाजाराचा आठवडा सोमवार ते शुक्रवार, एनएसईचा बुधवार ते मंगळवार. आठवडाभर कितीही वेळा घ्या-विका, शेवटी चुकवायचा तो फक्त निव्वळ फरक. म्हणजे वर्तुळ पूर्ण झालं की देणं जवळपास शून्य! उरलंच काही, तर दुसऱ्या बाजारात सरकवा, नाहीतर व्याज भरून बदल्यात पुढे ढकला. एवढी सोय असल्यावर व्हॉल्यूमचा आकडा 'साक्षीदार' कसला? तो तर आरोपीच्या घरचाच माणूस.

तरी भाव टिकवायला खरा पैसा लागतोच. तो आला अहमदाबादच्या माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँकेतून. बँकेने पुरेशा पैशाशिवाय पे ऑर्डरी काढल्या, आणि त्यातल्या १३७ कोटींच्या पे ऑर्डरींनी बँक ऑफ इंडियाला फटका दिला. फेब्रुवारी २००१ च्या बजेटनंतर मार्चमध्ये बाजार कोसळला, कोलकात्यात दलालांना पैसे चुकवता येईनात, माधवपुराच्या दारात ठेवीदारांच्या रांगा लागल्या. ३० मार्चला पारेखला अटक झाली. पुढे संयुक्त संसदीय समितीने सगळं खोदून काढलं आणि सेबीने त्याला १४ वर्षं बाजारबंदी केली.

पण मला जास्त टोचतं ते वेगळंच. २ जुलै २००१ ला यूटीआयने यूएस-६४ ची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवली. आपल्याकडच्या किती पेन्शनर मंडळींचा पैसा त्यात होता! त्या योजनेची दुखणी जुनी होती, सगळं खापर एका माणसावर फोडता येणार नाही. तरी यूटीआयच्या पोतडीत के-१० चा मालही होताच. आयुष्यात चार्ट न पाहिलेल्या माणसाला मोमेंटमचा भुर्दंड पडला तो असा.

योगायोग म्हणा, पण त्याच २ जुलैला बदला बंद झाला आणि मोठ्या शेअरांना रोलिंग सेटलमेंट सक्तीची झाली. आज तर दुसऱ्याच दिवशी हिशोब पुरा होतो. त्यामुळे आठवडाभर फुकटात वर्तुळ फिरवणं संपलं, वर्तुळं मात्र संपली नाहीत. छोट्या, कमी तरलतेच्या शेअरांत तीच टोळी टेलिग्राम ग्रुपवरून टिप देते आणि आपलाच माल आपल्याला विकते, याबद्दल सेबीचे आदेश येतच असतात.

म्हणून कुणी व्हॉल्यूम दाखवला की मी आधी डिलिव्हरीची टक्केवारी बघतो. एनएसई ती रोज संध्याकाळी फुकट देतं. शंभरातले पाच-सातच शेअर खरोखर कुणाच्या खात्यात गेले असतील, तर बाकीचे त्याच दिवशी हात बदलून परत गेलेत. अर्थात डिलिव्हरीसुद्धा आपल्याच दोन खात्यांत घडवता येते, फक्त त्याला पूर्ण पैसे मोजावे लागतात.