आत्याची कातर

दुकानात शंभराची नोट मोडण्यापेक्षा घरीच मशीन फिरवलेलं बरं, असं आता परळीत पुष्कळ घरांत म्हणतात. त्यात गैर काही नाही, मीही काही काळ तेच केलं. पण आमच्या घरात केस घरी कापायची रीत काटकसरीतून आली नाही. ती कुठून आली, हे लिहून ठेवायला हवं असं मला फार दिवस वाटतंय. मी शाळेत इतिहास शिकवला आणि हा इतिहास कुठल्याच धड्यात नव्हता.

आमचं मूळ गाव परळी तालुक्यातलंच. निजामाच्या अमलातलं, बलुत्यावर चालणारं. गावचा न्हावी कुणब्यांच्या घरी ठरल्या वारी यायचा, काखेत धोकटी. धोकटीत वस्तरा, कात्री, नखं काढायची नराणी, पाण्याची वाटी, आरसा, धार लावायचा दगड आणि चामड्याचा पट्टा. ओसरीवर नाहीतर लिंबाच्या सावलीत बसून तो घरातल्या सगळ्या पुरुषांची डोई करायचा. रोख पैसा नसे. सुगीला खळ्यावर ज्वारी मिळायची, लग्नाकार्यात आणि जावळाला मान मिळायचा. केस घरीच कापले जात, फक्त हात घरचा नसे.

आमच्या वस्तीत मात्र तो येत नसे. "म्हशी भादरतेत, पण आपल्या डोक्याला हात लावीनात," असं आत्या म्हणायची. उन्हाळ्याच्या तोंडाला म्हशींच्या अंगावरचे केस काढतात, ते तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. आवाज न चढवता ती हे सांगायची, तेव्हा मला जास्त लागायचं.

म्हणून वस्तीतल्या पोरांची डोकी आत्याकडे यायची. तिची कातर मेंढरं कातरायची होती. एकाच लोखंडी पट्टीला वाकवून केलेली दोन पाती, मुठीत दाबली की मिटणारी, सोडली की उघडणारी. तिच्या आजोळी धनगरांचा वाडा उतरायचा, तिथून ती आली होती. पोराला चौकटीपाशी उजेडात बसवायचं, डोकं ओलं करायचं, मानेपासून वर चढत जायचं. शेंडीजवळच्या भोवऱ्याला शेवटी हात लावायचा आणि तिथं केस जरा लांब ठेवायचे, नाहीतर वाळल्यावर ते उभे राहतात. ओल्या केसांवर अंदाज घ्यायचा तो दोन बोटं जास्तीचा, कारण केस वाळले की आखडतात. लाकडी फणी केसांत धरून फणीच्या वर आलेलं तेवढंच उडवायचं. "हालू नको लेकरा, कान जाईल," एवढंच तिचं बोलणं. हे सगळं तिला तिच्या चुलतीनं शिकवलं होतं आणि चुलतीला आणखी कुणीतरी. ही विद्या बायकांच्या हातात किती पिढ्या होती, याची नोंद कुणी ठेवली नाही.

एक नोंद मात्र आहे आणि ती फार मोठ्या माणसाची आहे. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींची एक छोटी पुस्तिका लिहिली, 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं ती १९९० साली छापली. साताऱ्यातल्या बालपणाबद्दल ते तिथं सांगतात, की भावंडांचे केस त्यांची थोरली बहीण कापायची आणि करून करून तिचा हात चांगला बसला होता. साताऱ्यात न्हावी होते. वडील लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, न्हाव्याला द्यायला पैसेही होते. पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला एकही न्हावी तयार नव्हता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तिका मिटली आणि आत्याला वाचून दाखवायला गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या बहिणीकडं कात्री कसली होती?" पुस्तिकेत ते नाही.

गांधीजींच्या आत्मकथेतही असा एक प्रसंग आहे. प्रिटोरियात एका गोऱ्या न्हाव्यानं त्यांचे केस कापायला नकार दिला, तेव्हा मशीन विकत घेऊन आरशासमोर बसून त्यांनी स्वतःचे केस स्वतःच कापले. मागची बाजू बिघडली, कोर्टात सोबती हसले. त्या न्हाव्याला मात्र त्यांनी दोष दिला नाही. आपणही आपल्या न्हाव्यांना आपल्याच अस्पृश्य भावांचे केस कापू देत नाही, हे त्यांनी तिथंच लिहून ठेवलंय.

मीही न्हाव्याला दोष देत नाही. आमच्या वस्तीत त्यानं पाऊल टाकलं असतं तर गावानं त्याचं बलुतं बंद केलं असतं. संत सेना महाराजांच्या या समाजानं कात्री खाली ठेवून दाखवलेलीही आहे. १८९० साली मुंबईत शेकडो न्हावी जमले आणि विधवांचं केशवपन यापुढे करणार नाही, असं त्यांनी ठरवलं. 'दीनबंधू'चे संपादक, गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे त्यामागे उभे होते. नवरा गेलेल्या बाईला घरातच खाली बसवायचं आणि तिचे केस उतरवायचे, हे काम त्यांच्याकडून करून घेतलं जाई. घरच्या घरी केस काढण्याचा हा सगळ्यात क्रूर प्रकार, आणि त्याला ज्यांचं पोट त्या धंद्यावर होतं त्यांनीच नाही म्हटलं. आमच्या वस्तीसाठी असं कुणी केलं असतं तर, असा विचार मनात येतोच.

ते काम शेवटी कायद्यानं केलं. नोव्हेंबर १९४८. हैदराबाद संस्थान भारतात येऊन दोन-अडीच महिने झाले होते. घटना समितीत चर्चा चालली होती, की जातीवरून कुणालाही दुकानात जाण्यापासून अडवता येणार नाही. दुकान म्हणजे नेमकं काय, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी उत्तर दिलं, की मागणाऱ्या कुणालाही सेवा द्यायला जिथं मालक बसलेला आहे ती जागा दुकान. नुसत्या मालाचं नव्हे, सेवेचंही. ज्याच्या डोक्यावर बहिणीनं कात्री चालवली, तो माणूस हे सांगत होता. पुढं १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यानं अशी सेवा नाकारणं हा गुन्हा ठरला.

कायदा झाला म्हणून आमच्या गावात लगेच काही बदललं नाही. बदललं ते पोटामुळं. १९७१ साली परळीच्या औष्णिक वीज केंद्राचा ३० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी दुष्काळ आला. खळी रिकामी, बलुतं कुठून देणार? बायाबापड्या खडी फोडायला गेल्या, गावच्या न्हाव्यानं परळी गाठून खुर्ची टाकली. माझे वडील थर्मलवर मजुरीला लागले. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि गावोगावी आमच्या वस्त्या जळाल्या, तेव्हा आत्याही कायमची परळीत आमच्याकडे आली. सोबत एक गाठोडं, त्यात ती कातर.

परळीत पहिल्यांदा धाकटा भाऊ दुकानात केस कापायला निघाला, तेव्हा आत्या त्याच्यामागे गेली. पुढं आरसा, मागं आरसा, भिंतीवर नटांचे फोटो, पाण्याचा फवारा. काम होईपर्यंत ती दारात उभी होती. दुकानदारानं भावाला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, पैसे घेतले आणि पुढच्याला बसवलं. घरी आल्यावर तिनं भावाच्या मानेवरून हात फिरवला. "कानामागं राहिलंय," म्हणाली आणि तेवढं तिनं स्वतः कापलं.

बायकांचं सगळं वेगळंच. आमच्या केसांना कात्री लागत नव्हती. शिकेकाई, रिठे, खोबरेल आणि वय झालं की मेंदी, सगळं घरात. पॅरिसच्या यूजीन श्युलर नावाच्या रसायनतज्ज्ञानं १९०७ साली केसांचा कृत्रिम रंग काढला, त्यातून पुढं लॉरिआल उभी राहिली. आमच्यापर्यंत रंग पोचला तो किराणा दुकानातल्या छोट्या पुडीतून. तोवर मला मेंदी शिकवली शेजारच्या खालांनी. लोखंडी कढईत चहाचं पाणी, आवळ्याची पूड, चिमूटभर कात घालून मेंदी रात्रभर भिजवायची. नुसत्या मेंदीनं केस तांबूसच होतात; काळे हवे असतील तर मेंदी धुतल्यावर नीळीच्या पानांची पूड लावायची. हे दोन दिवसांचं काम, म्हणून पुडी जिंकली. 'काळी मेंदी' म्हणून विकतात त्यात बहुधा पीपीडी हे रसायन असतं आणि काहींची त्यानं कातडी सोलून निघते, चेहरा सुजतो. माझ्याकडे विचारायला येणाऱ्या प्रत्येक बाईला मी सांगते, आधी कानामागं थेंबभर लावून दोन दिवस थांब, आणि पुडीतला रंग धातूच्या भांड्यात कालवू नको. कढई मेंदीची, प्लास्टिकची वाटी रंगाची.

२०२० च्या मार्चमध्ये दुकानं बंद झाली, तेव्हा सगळ्या कॉलनीत केस वाढले. मी यांना चौकटीपाशी बसवलं आणि आत्याच्या पद्धतीनं मानेपासून सुरुवात केली. मग शेजारचे आले, त्यांची पोरं आली. पैसे वाचतात म्हणून सगळे खूश होते. मला मात्र कोपऱ्यावरच्या बंद दुकानाकडे बघवत नव्हतं. त्या घरातले सगळे त्या एका खुर्चीवर जगतात. २८ जूनपासून सरकारनं परवानगी दिली, तीही केस कापण्याची आणि रंगाची, दाढीची नाही. दुसऱ्या दिवशी मी यांना आणि नातवाला तिकडं पाठवलं. तेव्हापासून आमच्याकडे ठरलंय: पुरुषांचे केस दुकानात, माझा रंग घरी.