सायकलवर लांबचा पल्ला : उद्दिष्ट कसे ठरवावे, नोंद कशी ठेवावी?

थंडी पडली की नाशिक जिल्ह्यातल्या रस्त्यांवर पहाटे सायकलस्वार दिसायला लागतात. सिन्नर, निफाड, दिंडोरी, चांदवड, येवला, कुठल्याही तालुक्याला जा. शिक्षक, पोलीस, डॉक्टर, दुकानदार, द्राक्ष बागायतदार असे सगळेच त्यात असतात. गिअरची सायकल घेतलेली असते, हेल्मेट आलेले असते, आणि ग्रुपवर कुणीतरी १०० किलोमीटरचा फोटो टाकलेला असतो. मग पुढच्याच रविवारी आपलेही १०० झालेच पाहिजेत, असा हट्ट सुरू होतो. एकदा ते होतातही. सोमवारी गुडघा धरतो, पंधरा दिवस सायकल उभी राहते, आणि मार्चपर्यंत तिच्यावर टॉवेल वाळायला लागतात.

इथे दमापेक्षा उसन्या उद्दिष्टाचा दोष जास्त असतो. दुसऱ्याचा आकडा आपल्या पायांना लावला की असेच होते. लांब पल्ल्याचे सायकलिंग हे महिन्यांचे काम आहे आणि ते ज्याच्या त्याच्या वहीतूनच ठरवावे लागते.

सुरुवात कुठून?

मागच्या चार आठवड्यांत प्रत्यक्ष किती किलोमीटर झाले, त्याची सरासरी काढावी. मनातला आकडा आणि खरा आकडा यांत बराच फरक निघतो. समजा सरासरी आठवड्याला ६० किमी निघाली, तर पुढचे आठवडे साधारण ६६, ७३, ८० असे चढवावेत आणि चौथ्या आठवड्यात परत ६० वर यावे. दर आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपास वाढ, ही सायकलस्वारांमध्ये रुळलेली रीत आहे. ती काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. पन्नाशीनंतर सुरुवात करणाऱ्याने याहून सावकाश जावे आणि आधी डॉक्टरांकडून रक्तदाब व हृदयाची तपासणी करून घ्यावी.

एका दिवसात १०० किमी करायचे असतील तर त्याआधी एका दिवसातला सर्वात लांब पल्ला ७०-७५ किमीपर्यंत गेलेला असावा. नाशिककरांसाठी त्र्यंबकेश्वरला जाऊन परत येणे ही साधारण ६० किमीची सोयीची पायरी आहे. निफाडकडच्या माणसाला लासलगाव जाऊन-येऊन ४० च्या आसपास पडते. सप्तशृंगी गडाचा हिशेब मात्र निराळा. नांदुरीपासून वरचा सुमारे १० किमीचा घाट अंतराने छोटा, पण पायांना तो सपाटीच्या दुप्पट-तिपटीने लागतो. म्हणून घाटाच्या दिवशी वहीत किलोमीटरसोबत चढाईचीही नोंद हवी, नाहीतर महिन्यानंतर पाहताना तो दिवस उगाच कमी कष्टाचा वाटतो.

वाऱ्याचेही तसेच. पावसाळ्यात इकडे वारा पश्चिमेकडून येतो. नाशिकहून इगतपुरीकडे जाताना तो समोरून आणि परतताना पाठीवर. हे चांगलेच. दमलेल्या पायांना घरी येताना वारा ढकलत असेल तर त्यासारखे सुख नाही. उलट दिशेने सुरुवात केली की जाताना वेगाचा भ्रम होतो आणि परतीला जीव जातो.

वेळ कुठे गळतो

बहुतेक जण फक्त वेग बघतात. लांब पल्ल्यात वेळ जातो तो थांबण्यात. ताशी १८ किमीच्या चालीने २०० किमीला ११ तास ७ मिनिटे लागतात. वाटेत चहा, पाणी, फोटो असे वीस-वीस मिनिटांचे पाच थांबे झाले की १ तास ४० मिनिटे वाढतात आणि एकूण वेळ होतो १२ तास ४७ मिनिटे.

हा हिशेब कशासाठी? तर ‘ब्रेव्हे’साठी. फ्रान्समधल्या ऑडॅक्स क्लब पॅरिझियनच्या नियमांनी जगभर ठरावीक अंतराच्या सायकल मोहिमा होतात, त्यांना बीआरएम म्हणतात. भारतात त्या ऑडॅक्स इंडियामार्फत होतात. ही शर्यत नसते, पहिला-दुसरा नंबर नसतो. ठरलेल्या वेळेत पोहोचला तो यशस्वी. २०० किमीला १३ तास ३० मिनिटे, ३०० ला २० तास, ४०० ला २७ तास आणि ६०० ला ४० तास. चारही अंतरे एकाच हंगामात पूर्ण केली की ‘सुपर रँडोनिअर’ हा किताब मिळतो. हंगाम नोव्हेंबर ते ऑक्टोबर असा धरतात.

वरच्या उदाहरणातल्या माणसाच्या हाती २०० किमीत फक्त ४३ मिनिटे उरतात. एक पंक्चर आणि एक निवांत जेवण, की ती संपली. मांड्यांनी दोन किमीचा वेग वाढवायला कित्येक महिने लागतात; थांबे पाचाचे तीन करायला एक निश्चय पुरतो. म्हणून वहीत दोन वेळा वेगवेगळ्या लिहाव्यात : सायकल चालती असतानाचा वेळ आणि घर सोडल्यापासून घरी येईपर्यंतचा वेळ. दोघांतला फरक कमी होत गेला की तयारी बरोबर चालली आहे असे समजावे.

एडिंग्टनचा आकडा

उद्दिष्ट मोजण्याची एक फार सुंदर पद्धत एका खगोलशास्त्रज्ञाने सायकलवरून दिली. आर्थर एडिंग्टन हे केंब्रिजचे नामांकित शास्त्रज्ञ. १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात आइन्स्टाइनच्या सिद्धांताचा पडताळा घेणाऱ्यांपैकी ते एक. सायकलचा त्यांना नाद होता. ते स्वतःचा एकच आकडा सांभाळत : इतके दिवस, प्रत्येक दिवशी किमान इतके मैल. १९४४ मध्ये ते वारले तेव्हा हा आकडा ८४ होता. म्हणजे आयुष्यात ८४ दिवस असे, की ज्या दिवशी ८४ मैल किंवा त्याहून जास्त सायकल चालली.

आपल्याकडे तो किलोमीटरमध्ये काढायला हरकत नाही. समजा वहीत ४० दिवसांच्या नोंदी आहेत. त्यातले २५ दिवस २५ किमी किंवा जास्त झाले आहेत, पण २६ किमीच्या वरचे दिवस २६ भरत नाहीत. तर आकडा २५. आता तो ३० वर न्यायचा आहे. पाचच तर वाढवायचे, असे वाटते. पण ३० च्या आतले सगळे दिवस आता बाद होतात. ३० च्या वरचे दिवस १२ असतील तर आणखी १८ दिवस, प्रत्येकी किमान ३० किमी हवेत. आठवड्याला तीन दिवस धरले तर सहा आठवडे झाले.

या आकड्याला फसवता येत नाही. एका रविवारी हौसेने २०० किमी मारले तरी तो फार तर एकाने वाढतो. रोज दुधाचे कॅन घेऊन बरोबर २० किमी जाणाऱ्याचा आकडा २० वर अडकतो, भले वर्षाला सात हजार किमी होवोत. वाढवायचा तर पल्लाही वाढवावा लागतो आणि तो पुन्हा-पुन्हा करावाही लागतो. लांब पल्ल्याला नेमके हेच दोन गुण लागतात. नवख्याने ‘१०० किमी’ऐवजी ‘दिवाळीपर्यंत आकडा ३०, होळीपर्यंत ४०’ असे काही लिहून ठेवले, तर शंभराचा दिवस मागून आपोआप येतो.

एडिंग्टन यांनी सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांना लिहिलेल्या पत्रातही या आकड्याचा उल्लेख आहे. दोन फेऱ्या पाव मैलाने कमी पडल्या, त्यामुळे त्या धरता आल्या नाहीत, अशी हळहळ त्यांनी कळवली होती. आजचे लोक ९८ किमीवर घरी आले की चौकात दोन किमीच्या चकरा मारून शंभर भरतात. तारे मोजणाऱ्यालाही पाव मैल सोडवेना, तर इतरांना काय बोलणार!

वही, मीटर की मोबाईल?

शंभर पानी वही पुरते. तारीख, मार्ग, किलोमीटर, दोन्ही वेळा, वारा, आदल्या रात्रीची झोप आणि ‘कुठे दुखले’. शेवटचा रकाना बहुतेक जण टाळतात आणि तोच सर्वात कामाचा असतो. गुडघा पुढून दुखत असेल तर बहुधा सीट खाली असते, मागून दुखत असेल तर वर. पॅडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा, हे साधे माप. सलग तीन नोंदींत तेच दुखणे दिसले तर किलोमीटर वाढवणे थांबवून आधी सीटकडे बघावे. सकाळी उठल्याबरोबर मनगटाची नाडी मोजून लिहिण्याचीही सवय चांगली. ती नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी जास्त लागली तर शरीर थकवा सांगतंय, त्या दिवशी सायकल ओट्यावरच बरी.

चाकाला चुंबक लावलेला छोटा मीटर स्वस्त आणि भरवशाचा, पण त्यात चाकाचा घेर बरोबर भरावा लागतो. टायरला खडूची खूण करून, सीटवर बसून चाक एक पूर्ण फेरा पुढे न्यावे आणि जमिनीवरच्या दोन खुणांमधले अंतर टेपने मोजावे. खरा घेर २.०५ मीटर असताना २.१० भरला तर १०० किमीला मीटर १०२ च्या वर दाखवतो. पडताळा रस्त्यावरच्या दगडांवरून करता येतो. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा, राज्य महामार्गाचा हिरवा, पंतप्रधान ग्रामसडकेचा केशरी. दहा दगड मोजले की मीटरची लबाडी कळते.

मोबाईलवर स्ट्राव्हासारखी ॲप सगळा हिशेब आपोआप ठेवतात. दोन गोष्टी तेवढ्या बघाव्यात. बॅटरी वाचवण्याची सोय चालू असली तर फोन ॲपला मधेच बंद पाडतो आणि घाटाची वळणे नकाशावर सरळ रेघ होऊन अंतर कमी भरते. दुसरी जास्त महत्त्वाची. २०१८ मध्ये याच ॲपच्या जाहीर नकाशावरून काही देशांच्या लष्करी तळांच्या जागा उघड झाल्याची बातमी जगभर गाजली होती. रोज पहाटे साडेपाचला एकाच दारातून निघणारी रेघ कुणालाही घर आणि वेळ सांगते. एकट्या जाणाऱ्या महिला व मुलींनी सुरुवात-शेवटचा भाग लपवण्याची सोय आधी चालू करावी आणि मगच पुढचे बघावे.

रस्ता आपला एकट्याचा नाही

कांदा, द्राक्ष आणि उसाच्या दिवसांत पहाटे आणि दिवेलागणीला रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात. कितीतरी ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला असतो. सायकललाही मागे लाल आणि पुढे पांढरा दिवा नसेल तर दोन अंधार एकमेकांवर आदळतात. ब्रेव्हेमध्ये रात्री दिवे आणि चमकणारे जॅकेट सक्तीचे आहे. आपल्या गावच्या रस्त्यावर तर ते त्याहून गरजेचे. वहीतला आकडा पुरा करायला सहा किमी उरले आहेत आणि सूर्य मावळला आहे, दिवा नाही, तर ते सहा किमी तिथेच सोडावेत. उद्याचा दिवस कुणी नेलेला नाही. मुंबई-आग्रा महामार्गावर सराव करण्याचा मोहही नवख्याने टाळावा. आतले रस्ते खडबडीत असतात, कुत्री मागे लागतात, तरी ते बरे.

सोबत पंक्चरचे सामान, एक जादा ट्यूब, पाने आणि हवेचा पंप हवा. आडगावात दुकान सापडेलच असे नाही. उन्हात तासाला अर्धा लिटरच्या आसपास पाणी आणि अधूनमधून मीठ-साखरेचे सरबत घ्यावे. दर तासाला काहीतरी पोटात जावे : केळी, गूळ-शेंगदाणे, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू. भूक लागल्यावर खाल्ले तर उशीर झालेला असतो.

जिल्ह्यातून थेट अमेरिकेपर्यंत

हे सगळे कुणी करून दाखवले आहे का, असे विचारणाऱ्यांसाठी उदाहरणे घरचीच आहेत. नाशिकचे डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४८०० किमीची शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली. नाशिकमध्ये सेवेत असलेले लेफ्टनंट कर्नल डॉ. श्रीनिवास गोकुळनाथ यांनी २०१७ मध्ये ती एकट्याने पूर्ण केली; असे करणारे ते पहिले भारतीय. त्याच वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीही ती एकट्याने संपवली. सगळेच पेशाने डॉक्टर, म्हणजे वेळ नाही ही सबब त्यांच्याकडेही तयार होतीच. नाशिकहून सायकलस्वारांची पंढरपूर वारीही निघते. रोज किती जायचे आणि दुसऱ्या दिवशी पाय कसे लागतात, हे शिकायला ती उत्तम.

पहिल्या ब्रेव्हेची तयारी

पहाटे ६ वाजता सुटणाऱ्या २०० किमीच्या ब्रेव्हेत १०० किमीचा टप्पा दुपारी १२ वाजून ४० मिनिटांपर्यंत आणि शेवट संध्याकाळी साडेसातपर्यंत गाठावा लागतो. म्हणजे एकूण ताशी १५ किमीच्या आसपास, थांबे धरून. ठिकठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा असतो. जिथे शिक्का देणारे कुणी नसते तिथे दुकानाची किंवा एटीएमची पावती पुरावा म्हणून चालते. सायकल महागडी हवी असा नियम नाही, ती माणसाच्या बळावर चालणारी असली म्हणजे झाले. बाहेरची मदत फक्त ठरलेल्या टप्प्यांवर घेता येते. घरच्यांची गाडी जेवणाचा डबा घेऊन मागे-मागे आलेली चालत नाही.

ज्यांची नजर आणखी लांब आहे त्यांच्यासाठी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही १२०० किमीची मोहीम दर चार वर्षांनी होते. कमाल मुदत ९० तास. २०१९ आणि २०२३ नंतरचे वर्ष २०२७. पात्रतेसाठी त्याच वर्षी २००, ३००, ४०० आणि ६०० ची ब्रेव्हे पूर्ण असावी लागते. आदल्या वर्षी ज्याने जास्त लांबचे ब्रेव्हे केले असेल, त्याला नोंदणीत आधी संधी मिळते.