चांद्याचे हिम

बर्फाचे सौंदर्य आम्हां महाराष्ट्रीयांस बहुतेक ग्रंथांतूनच कळले. संस्कृत शिकलेल्यांस ते कालिदासाने दाखविले, इंग्रजी शिकलेल्यांस इंग्रज कवींनी. डोळ्यांनी पाहिलेले बर्फ म्हणजे सरबताच्या पेल्यातले. त्यातून चांदा जिल्हा तर उन्हाळ्याचे माहेरघर. वैशाखात तेथे पारा पंचेचाळीस अंश सहज ओलांडतो. अशा प्रांतात हिमाची गोष्ट काढणे ही थट्टा वाटेल; परंतु प्राचीन हिमाचा दगडावर कोरलेला लेख हिंदुस्थानात ज्या मोजक्या स्थळी सापडला, त्यांत चांद्याचा मान मोठा आहे.

चंद्रपूरच्या पश्चिमेस पैनगंगेच्या पात्रात इरई गावापाशी चुनखडीची जुनी फरशी उघडी पडली आहे. शहराजवळून वाहणारी इरई नदी ती निराळी. नामसादृश्याने वाचकांची फसगत होऊ नये. ही फरशी घोटून गुळगुळीत झालेली असून तिजवर एका दिशेने गेलेले ओरखडे आहेत, आणि वर लहानमोठ्या धोंड्यांचा, मातीत कालवल्यासारखा, थर आहे. वाहते पाणी गोट्यांची निवड करते, जड ते मागे ठेवते व हलके ते पुढे नेते. येथे तशी निवड नाही. हिमनदी मात्र वाटेतले धोंडे पोटाशी धरून ओढीत नेते, त्यांच्या धारांनी खालचा खडक खरवडते, आणि वितळली म्हणजे ओझे असेल तेथेच टाकते. भूगर्भखात्यातील फेडन यांनी १८७५ साली या ओरखड्यांची हकीकत प्रसिद्ध केली. तत्पूर्वी १८५६ मध्ये ब्लॅनफर्ड बंधू व त्यांचे सहकारी यांनी ओरिसातील तालचेर येथे अशाच थरावरून बर्फाचा तर्क केला होता. पण उष्ण कटिबंधात बर्फ कोठून येणार, हा आक्षेप सुटत नव्हता. इरईच्या फरशीने त्या तर्काला साक्षीदार मिळवून दिला. दगड कोणाची भीड धरीत नाही.

आक्षेपाचे खरे उत्तर पुढे मिळाले. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी आपली भूमी आज आहे तेथे नव्हतीच. ती दक्षिण ध्रुवाच्या बाजूस आफ्रिका, ऑस्ट्रेलिया इत्यादींशी जोडलेली होती. वेगेनर याने खंडे सरकतात असा सिद्धांत मांडला, तेव्हा दूरदूरच्या देशांतील याच हिमचिन्हांचा आधार घेतला. त्या लुप्त महाखंडास शास्त्रज्ञ गोंडवन म्हणतात. ज्या गोंड राजांनी चांद्याचा कोट बांधला, त्यांच्याच जातीचे नाव या महाखंडाला मिळाले, याचा चांदेकरांनी थोडा अभिमान बाळगण्यास हरकत नाही.

हिम गेले, त्याने टाकलेल्या गाळमातीच्या वर कालांतराने दलदलीची अरण्ये माजली, आणि ती गाडली जाऊन वरोरा-बल्लारपूरकडील कोळसा झाला. आज चंद्रपूरचे विद्युत्केंद्र ज्या कोळशावर धगधगते, त्याच्या तळाशी बर्फाचा थर आहे, ही कल्पना कोणत्याही काव्याहून आम्हांस कमी रम्य वाटत नाही.

आजच्या चांद्यास थंडीचे सुख मिळते ते हिमावाचून. धान घरात येऊन पडलेले असते, तळ्यांवर धुके बसते, हरभऱ्याच्या पानांवर दंव चमकते. अंगणात शेकोटी पेटली की आजोबांपासून नातवापर्यंत सारे घर तिच्याभोवती येते आणि उन्हाळ्यात ज्याला कोणी विचारीत नाही तो सूर्य सकाळी सर्वांना हवासा होतो. वर्षातून दोन-अडीच महिनेच का होईना, हा ऋतू त्या प्रांताला माणसांत आणतो.

मात्र हे सुख पांघरुणाच्या अलीकडचे आहे. १९८२ साली गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच्या दक्षिणेस भामरागडच्या अरण्यात, हेमलकसा येथे, १९७३ च्या डिसेंबरात बाबा आमटे यांनी लोक बिरादरी प्रकल्प आरंभिला. ऐन थंडीचे ते दिवस. अंगावर पुरते वस्त्र नसलेल्या माडिया लोकांत राहावयाचे म्हणून डॉ. प्रकाश आमटे यांनी पुढे अर्धी विजार व बंडी एवढाच पोशाख पत्करला. शहरात गरम कोट चढवून हिवाळ्याची स्तुती करणाऱ्या आम्हां प्राध्यापकांनी हा पोशाख एकदा मनाने तरी घालून पाहावा. तेथे रात्र काढावयाची ती जाळाच्या आधाराने, आणि जाळाला लाकूड हवे. १८७८ व १९२७ च्या जंगलकायद्यांनी ज्या अरण्यात पिढ्यानपिढ्या राहिलो त्यातलेच लाकूड हक्काचे की मेहेरबानीचे, हा प्रश्न उभा केला. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावास २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क पदरात पाडून घेणाऱ्या पहिल्या गावांत त्याची गणना होते. पौषातल्या रात्री मेंढ्यात जी शेकोटी पेटते, तिच्यासाठी लागणाऱ्या सरपणाचा विचार आता गावची ग्रामसभा करते.